ग्वानो : पक्षी आणि वटवाघळांचे खत

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेला खापा परिसर संत्री व कापसाच्या पट्ट्यात मोडतो. रासायनिक खतांचा खर्च वाढू लागला की अशा भागात शेणखत, कोंबडखत आणि त्यांच्याच जोडीने 'ग्वानो' या खताची चर्चा सुरू होते. ग्वानो म्हणजे पक्ष्यांची किंवा वटवाघळांची साचलेली, वाळलेली विष्ठा. दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेत शेणखताला असलेल्या शब्दावरून हे नाव आले.

पक्षी शरीरातील नको असलेला नायट्रोजन द्रवरूप मूत्रातून नव्हे, तर युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. विष्ठेतील पांढरा भाग तोच. त्यामुळे चांगल्या प्रतीच्या सागरी ग्वानोत ८ ते १६ टक्के नायट्रोजन असतो. शेणखतात हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का भरते. कीटकभक्षी वटवाघळांच्या विष्ठेत कीटकांच्या पंखांचा व कवचांचा चुरा असतो. तो सावकाश कुजून पिकाला नायट्रोजन पुरवतो. गुहांतील जुन्या थरांत मात्र नायट्रोजन निघून जातो आणि फॉस्फरस शिल्लक राहतो.

या खताला खरी किंमत मिळवून दिली ती पेरूच्या किनाऱ्याने. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे पाणकावळे व पेलिकन यांची विष्ठा शतकानुशतके वाहून न जाता साचत गेली. चिंचा बेटांवर तिचे अनेक मीटर उंचीचे ढीग होते. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०४ मध्ये तिचे नमुने युरोपात नेले. १८४० नंतरच्या चार दशकांत पेरूने एक कोटी टनांहून अधिक ग्वानो निर्यात केला. अमेरिकेने १८५६ मध्ये ग्वानो असलेल्या बेटांवर हक्क सांगण्याचा कायदाच केला. ढीग संपले, पक्षीही घटले. अखेर १९०९ मध्ये पेरू सरकारने स्वतंत्र कंपनी स्थापून पक्ष्यांच्या संरक्षणाची आणि मर्यादित उपशाची व्यवस्था लावली. त्याच सुमारास फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली आणि ग्वानोचे युग मागे पडले.

नागपूर भागात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथे उघड्यावरील विष्ठेतील विद्राव्य नायट्रोजन पहिल्याच पावसात धुऊन जातो. त्यामुळे पेरूसारखे साठे येथे तयार होणे शक्य नाही. गुहा, जुन्या पडक्या इमारती अशा कोरड्या, बंदिस्त जागीच वटवाघळांची विष्ठा साचते. पण ती थोडी असते आणि काढण्यात धोकाही असतो. तिच्या धुळीतील बुरशीमुळे हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूचा अंश आढळला होता. मुखपट्टी व हातमोजे न घालता असे खत उपसणे म्हणूनच टाळावे.

वारंवारच्या उपशाने वटवाघळे जागा सोडतात. कीटकभक्षी जाती रात्री पिकांवरील किडी मोठ्या संख्येने फस्त करतात, तर फळे खाणाऱ्या जाती परागीभवन व बीजप्रसार घडवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. खतासाठी वस्ती उठवली, तर पोतेभर खत मिळेल, पण किडीचा विनामूल्य बंदोबस्त जाईल.

खाप्याच्या शेतकऱ्याला ग्वानोच्या सर्वांत जवळचे आणि सहज मिळणारे खत म्हणजे कोंबडखत. त्यात नायट्रोजन सुमारे ३ टक्के आणि फॉस्फरस (फॉस्फेटच्या रूपात) अडीच टक्क्यांच्या आसपास असतो. ताजे खत उष्ण पडून मुळे जाळते. म्हणून ते काडीकचऱ्यासह चांगले कुजवूनच झाडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दूर घालावे. वटवाघळांची विष्ठा मिळालीच, तर तीही याच रीतीने, अल्प प्रमाणात वापरावी.