पाताळांतील महाचोर



कोरियांतील लोककथांत एक भयंकर राक्षस आहे. त्याला ‘जिहागुक देजॉक’ म्हणजे ‘पाताळराज्याचा महाचोर’ असें म्हणतात. राक्षसाला लोकांनीं चोर म्हणावें, यांतच कथेचें मर्म आहे. तो भूमीवर येतो तो माणसांच्या लेकीबाळी पळवून नेण्यासाठीं.

कथेचीं रूपें अनेक आहेत; सांगाडा मात्र एकच. राजकन्या नाहींशी होते. एक वीर सोबत्यांसह शोधास निघतो आणि अरुंद विवरांतून दोराच्या आधारें एकटाच खालीं उतरतो. तेथें विहिरीवर पाणी भरण्यास आलेली एक स्त्री त्याला भेटते. राक्षसाच्या घरीं दोन पाणी असतात. एकानें बळ वाढतें, दुसऱ्यानें ओसरतें. ती वीराला पहिलें पाजते आणि दोन्ही पात्रांच्या जागा बदलून ठेवते. राक्षस निजल्यावर वीर त्याचें मस्तक उडवितो. पण तें उसळून पुन्हां धडाला चिकटूं पाहतें! जरासंधाची दोन शकलें पुन्हां जुळत, त्याची येथें आठवण व्हावी. तेवढ्यांत ती स्त्री तुटलेल्या मानेवर राख टाकते आणि राक्षस कायमचा मरतो. तलवार वीराची खरी. परंतु विजयाची युक्ति त्या बंदिवान स्त्रीची आहे.

संकट मात्र एवढ्यानें टळत नाहीं. वरचे सोबती स्त्रियांना ओढून घेतात आणि वीराला खालींच टाकून श्रेय लाटतात. तो पुढें दैवी साहाय्यानें वर येतो व त्यांना शासन करतो. शत्रु पाताळांत असतो तसा विवराच्या तोंडाशींही असतो, हें सामान्य जनांचें शहाणपण येथें बोलतें.

हा राक्षस ग्रंथांतही शिरला. ‘होंग गिल-दोंग’ या प्रसिद्ध कादंबरींत नायक वैद्य म्हणून डोंगरांतील राक्षसांकडे जातो, औषधाच्या मिषानें विष देतो आणि पळविलेल्या कन्येस सोडवितो.

या कथेचा शास्त्रीय अभ्यास सोन जिन-ते या पंडितानें केला. १९१० पासून कोरिया जपानच्या अमलाखालीं होता. त्यामुळें त्यांचा लोककथासंग्रह १९३० सालीं तोकियोंत, आणि तोही जपानी भाषेंत, प्रसिद्ध झाला. देश १९४५ मध्यें मुक्त झाल्यावर १९४७ सालीं त्यांचा कोरियन लोककथांवरील ग्रंथ स्वभाषेंत निघाला. स्वदेशाभिमान उसळलेल्या त्या काळांतही त्यांनीं ही कथा केवळ आमचीच, असा हट्ट धरला नाहीं. मंगोल कथांशीं असलेलें तिचें नातें त्यांनीं मोकळेपणानें दाखविलें. कथांना सीमा नसतात, आणि त्यामुळें त्या सांगणाऱ्या राष्ट्राला कमीपणा येत नाहीं, हें त्यांच्या कार्यावरून दिसतें.

१९५० सालीं कोरियन युद्धांत या पंडितालाच पकडून उत्तरेकडे नेण्यांत आलें. पळविलेल्यांच्या सुटकेची कथा ज्यानें जतन केली, तो स्वतः घरीं परतला नाहीं. त्याची कथा मात्र कोरियाच्या दोन्ही भागांची आहे. ती अजून कोणाला वांटून घेतां आलेली नाहीं.