पात्याचे कूळ

मराठीतील ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आला असून त्यात ‘कर’ म्हणजे हात आणि ‘पत्र’ म्हणजे पान किंवा पानासारखा पातळ पत्रा अशी दोन पदे आहेत; दातांचा उल्लेख त्यात कोठेही नाही. करवतीला संस्कृतात ‘क्रकच’ असा दुसरा शब्द आहे, तो तिच्या आवाजावरून पडला असे मानतात, आणि त्यातही दात नाहीत. व्युत्पत्तीवर फार भार टाकणे बरे नव्हे. तरीही करवतीच्या गोल, फिरत्या वंशजाची कथा तपासू लागले, म्हणजे ‘पत्र’ या पदाने नेमके मर्मावर बोट ठेवले होते असे म्हणावेसे वाटते. विजेवर फिरणाऱ्या करवतीचे पाते विकत घेताना गिऱ्हाईक बहुधा दात मोजते आणि दुकानदारही दातांचाच आकडा सांगतो. या हत्याराच्या इतिहासात मात्र दात पाडणे हे तुलनेने सोपे काम होते, आणि कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अडवले ते दातांना धरून ठेवणाऱ्या चकतीने.

चाक आणि करवत ही दोन्ही साधने प्राचीन आहेत, आणि यंत्राने ओढली जाणारी करवतही पुष्कळ जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथील तिसऱ्या शतकातील एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीच्या बळावर चालणाऱ्या करवतींचे शिल्प कोरलेले आहे. १५९४ च्या सुमारास हॉलंडमध्ये कोर्नेलिस कोर्नेलिसझून याने पवनचक्कीच्या फिरत्या आसाला वाकडा दांडा जोडून करवतीला वरखाली गती दिली, आणि त्यानंतर तेथे लाकूड चिरण्याच्या गिरण्या झपाट्याने वाढल्या. या सर्व यंत्रांत चाकाची गोल गती आधी मोडून तिची सरळ, मागेपुढे होणारी गती करावी लागे आणि त्यातील परतीची अर्धी खेप कापण्याच्या दृष्टीने वाया जाई. मग चाकालाच दात पाडण्याची कल्पना इतकी शतके कोणास सुचली नसेल काय? सुचली असण्याचाच संभव अधिक. अडचण कल्पनेची नव्हती, धातूची होती.

लाकडी चौकटीत बसवलेली करवत दोन्ही टोकांनी ताणलेली असते, त्यामुळे तिचे पाते पातळ असूनही सरळ राहते. आशियातील अनेक देशांत सुतार करवत स्वतःकडे ओढताना कापतात, तेथे हा ताण हातच देतो. गोल चकतीला असा ताण देणारे बाहेर कोणीच नसते. ती फक्त मध्यभागी, भोकाभोवतीच्या दोन वॉशरांच्या पकडीत धरलेली असते आणि तिची कड, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, सर्वस्वी मोकळी असते. ही चकती जाड केली तर लाकडाचा भुसा फार होतो आणि यंत्राचा जोर पुरत नाही, पातळ केली तर ती लाटेसारखी डुलते. शिवाय तिची जाडी सर्वत्र सारखी हवी आणि पोलाद दात टिकण्याइतके कठीण, पण तडा न जाण्याइतके चिवट हवे. शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची रीत बसवली, आणि तसल्या पोलादाचे पत्रे मिळू लागल्यावरच गोल करवतीचा खरा इतिहास सुरू झाला.

तो इतिहास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, जहाजांच्या दोरखंडांत अडकलेला आहे. १७७७ साली साउथहॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याला लाकूड, दगड आणि हस्तिदंत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच्या वर्णनात करवती गोल असल्याचा उल्लेख एखाद्या परिचित वस्तूचा यावा तसा सहज येतो, म्हणून मिलर हा तिचा जनक नसावा असे अभ्यासक मानतात. त्याच गावात वॉल्टर टेलर हा ब्रिटिश आरमाराला कप्प्या पुरवीत असे आणि आपल्या पाणचक्कीवर गोल करवती वापरीत असे. मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. त्या मापात जराही चुकल्या तर दोर अडके आणि शीड वेळेवर फिरत नसे. एकाच मापाचे हजारो काप सतत घेण्याची ही गरज हाताच्या करवतीने भागणे कठीण होते. पुढे पोर्ट्‌समथच्या गोदीत सॅम्युएल बेंथम याच्या प्रोत्साहनाने, मार्क ब्रुनेल याच्या आराखड्यांवरून आणि हेन्री मॉड्‌स्ले याच्या कारखान्यात घडलेली कप्प्यांची यंत्रे १८०२ ते १८०६ या काळात उभी राहिली. १८०८ साली त्यांवर १,३०,००० कप्प्या तयार झाल्या आणि तेथे ११० कारागिरांचे काम १० माणसे करीत, असे त्या काळापासून सांगितले जाते. त्या यंत्रमालिकेत गोल करवतीला मानाचे स्थान होते. ब्रुनेलने नंतर बॅटरसी येथे मौल्यवान लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढण्यासाठी कित्येक फूट व्यासाच्या करवती चालवल्या, परंतु एवढ्या मोठ्या अखंड चकत्या सपाट राखता येत नसल्याने त्याने भक्कम चाकाच्या कडेवर पोलादी पात्याचे तुकडे पाकळ्यांसारखे जोडले. चकतीची अडचण त्याने सोडवली नाही, चतुराईने टाळली.

अमेरिकेत या शोधाचे श्रेय टॅबिथा बॅबिट या शेकर पंथीय स्त्रीला देतात. मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड गावाच्या शेकर वसाहतीत दोन माणसे लाकूड चिरताना त्यांची निम्मी मेहनत फुकट जाते हे तिने पाहिले आणि सूतकताईच्या चाकावर दाते पाडलेली पत्र्याची चकती बसवून फळीचा तुकडा कापून दाखवला, अशी कथा असून तिचा काळ १८१३ च्या आसपासचा सांगितला जातो. शोधावर व्यक्तीचा हक्क सांगणे शेकरांच्या सामाईक मालमत्तेच्या तत्त्वात बसत नसल्याने पेटंट घेतले गेले नाही, हेही त्या कथेतच येते. तारखा पाहता ती पहिली ठरत नाही. तरी इंग्लंडमधील पेटंटाची वार्ता तिच्यापर्यंत पोचली असेलच असे मानण्याचे कारण नाही, आणि परतीची खेप वाया जाते हे तिचे निरीक्षण तंतोतंत खरे आहे. कथेतील पत्र्याची चकती मात्र बोलकी आहे: कल्पना दाखवण्यास पत्रा पुरतो, गिरणी चालवण्यास पुरत नाही.

गिरणीला पुरेल अशी चकती घडवणारा कारागीर म्हणजे करवतीवर हातोडा चालवणारा लोहार, आणि त्याची विद्या या कुळकथेतील सर्वांत कमी ओळखली गेलेली गोष्ट आहे. चकती वेगाने फिरू लागली की तिची कड बाहेर फेकली जाऊ पाहते आणि घर्षणाने तापून पसरते, मधला भाग मात्र त्या मानाने थंड आणि स्थिर राहतो. पसरलेल्या कडेला जागा पुरत नाही, म्हणून ती डावीउजवीकडे लवू लागते आणि काप वाकडा जातो. यावर तोडगा असा की, चकती ऐरणीवर ठेवून तिच्या मधल्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी ठोके द्यायचे, म्हणजे तो भाग किंचित पसरतो आणि कडेला आतून बाहेर ताणून धरतो. अशी चकती स्थिर असताना मध्ये ढिली भासते. ठरलेल्या वेगाला पोचली की कड पसरून तो ढिलेपणा भरून काढते आणि चकती ताठ उभी राहते. चौकटीने बाहेरून दिलेला ताण येथे धातूच्या पोटातच साठवलेला असतो. कोणत्या वेगासाठी किती ठोके, हे लोहार पट्टी लावून आणि उजेडाची फट पाहून ठरवी. आजच्या कारखान्यांत हे काम दोन रुळांच्या मध्ये चकती दाबून होते, आणि चांगल्या पात्यावर भोक आणि कड यांच्या दरम्यान जी फिकट चकचकीत वर्तुळरेषा दिसते, ती त्या रुळांची खूण असते. ती शोभेची रेषा आहे असा समज सर्रास आढळतो.

दातांचा प्रश्न कॅलिफोर्नियात निराळ्या रूपाने उभा राहिला. कानशीने धार लावताना दात झिजत आणि चकतीचा व्यास घटत जाई. दात तुटला तर सगळीच चकती निकामी होई. म्हणून दात वेगळे करून खाचेत बसवण्याचे प्रयोग झाले, पण चौकोनी खाचांच्या कोपऱ्यांपासून चकतीला तडे जात. सॅक्रामेंटो येथील नेथन स्पॉल्डिंग याने १८६० च्या सुमारास खाचेचा तळ गोलाकार केला, त्यामुळे ताण एका कोपऱ्यात न साचता वाटला गेला आणि बदलता येणारे दात टिकले. आजच्या पात्याच्या कडेला ज्या बारीक चिरा असतात, त्या कडेला तापून पसरण्यास वाव देतात; त्यांच्या आतल्या टोकाशी गोल भोक ठेवण्यामागेही गोल खाचेचेच तत्त्व आहे.

यानंतरचे वळण लाकडाशी संबंध नसलेल्या ठिकाणी घडले. बर्लिनच्या ओसराम कंपनीत दिव्यांसाठी टंगस्टनची तार हिऱ्याच्या साच्यांतून ओढली जाई आणि ते साचे फार महाग पडत; त्यांना पर्याय शोधताना कार्ल श्र्योटर याने टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची भुकटी कोबाल्ट धातूच्या भुकटीत मिसळून, दाबून आणि भाजून घट्ट केली, आणि १९२३ मध्ये त्याच्या पेटंटासाठी अर्ज झाला. एसेनच्या क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे. भारतातील यंत्रशाळांत ‘विडिया’ हे आता कंपनीचे नाव न राहता पदार्थाचेच नाव झाले आहे, तर लाकडाच्या बाजारात अशा दातांच्या पात्याला ‘टीसीटी’ म्हणतात, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे टोक लावलेले पाते. प्लायवूड आणि भुशाच्या दाबीव फळ्या यांचा प्रसार झाला तेव्हा त्यांतील घट्ट झालेला डिंक साध्या पोलादाची धार पाहता पाहता खाऊ लागला आणि विडियाची निकड सर्वांना पटली. सागाच्या लाकडातही वाळूचाच घटक असलेली सिलिका असते, त्यामुळे सागावर काम करणाऱ्यांना हा अनुभव पूर्वीपासूनच होता. या बदलाने सुताराच्या हातातून एक काम मात्र गेले. विडियावर कानस चालत नाही, त्याला हिऱ्याच्या कणांचे चाक लागते, आणि म्हणून धार लावणे हे वेगळ्या दुकानाचे काम झाले.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ अशी म्हण आहे. पाते घेताना नेमके उलट करावे लागते, कारण त्यावर छापलेल्या प्रत्येक आकड्यामागे यातला एखादा जुना तंटा उभा असतो. ‘३.२/२.२’ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा विडियाच्या टोकाची म्हणजे कापाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा चकतीची जाडी. दोन्ही बाजूंना उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरमुळे चकती लाकडाला घासत नाही, आणि हे काम पूर्वी दात आलटूनपालटून डावीउजवीकडे वाकवून साधले जाई. २.४ मिलिमीटर रुंदीचे पाते घेतल्यास दहा कापांमागे ८ मिलिमीटर साग वाचतो, पण त्याची चकती अधिक पातळ असल्याने तिचा ताण आणि सपाटपणा तितकाच अधिक चोख हवा. स्वस्तातले पातळ पाते लाकूड वाचवते आणि काप बिघडवते. २५० मिलिमीटरच्या पात्याला लाकूड उभे, म्हणजे रेषेच्या दिशेने चिरायचे तर २४ च्या आसपास दात आणि त्यांच्यामध्ये भुसा मावेल अशा खोल घळी हव्यात. आडव्या कापाला ६० ते ८० दात लागतात. उभ्या कापाला ८० दातांचे पाते लावले तर प्रत्येक दाताच्या वाट्याला इतका थोडा घास येतो की तो लाकूड कापण्याऐवजी घासत राहतो आणि कड काळी पडते. उभ्या कापाचे दात माथ्यावर सपाट असतात, तर प्लायवूडची वरची पापडी उचकटू नये म्हणून ते आळीपाळीने डावीउजवीकडे तिरके घासलेले असतात. दात पुढे झुकलेले असतील तर पाते लाकूड आत ओढते. ज्या यंत्रात पातेच लाकडावर उतरते किंवा सरकते, तेथे ही ओढ धोक्याची ठरते आणि दात उभे किंवा किंचित मागे कललेले घेतात. टोक आणि चकती यांच्या सांध्यातील चांदीमिश्रित डाख सलग असावा, त्यात छिद्रे दिसू नयेत, आणि विडियाचा तुकडा पुन्हा पुन्हा धार लावता येईल इतका जाड असावा.

महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आकडा कमाल फेऱ्यांचा. २५० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ५२ मीटर धावते. महाराष्ट्रात, किंबहुना भारतभर, घरोघरी फर्निचर करणारे सुतार प्लायवूड कापण्यासाठी फरशी कापण्याचे मार्बल कटर वापरतात. त्यावरचे ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते आणि त्याची कड सेकंदाला जवळजवळ ७० मीटर वेगाने जाते. दगडासाठी बनवलेल्या या यंत्रात लाकडाचा काप मिटू न देणारी, पात्यामागची पाचर नसते, म्हणून तेथे चकतीच्या गुणावर आणि तिच्यावर छापलेल्या वेगमर्यादेवर सगळी भिस्त असते. झिजलेले पाते धार लावणाऱ्याकडे गेले तर तो दात पुन्हा घासून देतो, निखळलेले टोक नव्याने डाखतो. चकती वाकलेली असेल तर चार इंची पात्याला ऐरण आणि हातोडा लावण्याची मजुरी परवडत नाही, आणि ते पाते दात शाबूत असूनही भंगारात जाते.