दुसरी वायर

आमचं गाव धावडा, तालुका भोकरदन. १९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी चुकलं ते चुकलंच. आईच्या अंगात ही धास्ती इतकी मुरली की पुढे शहरात माझ्याकडे आल्यावरही मालिकेच्या वेळेला ती साधा कुकर लावायची नाही.

मधल्या काळात केबल आली. १९९२ला झी सुरू झालं. तेव्हा एकाच वायरीतून सगळे चॅनल एकदम घरात यायचे, त्यामुळे व्हीसीआरवर एक चॅनल टेप करत टीव्हीवर दुसरं बघता यायचं. मग डीटीएच. २००८मध्ये टाटा स्काय प्लस आला. टेप गेली, हार्डडिस्क आली.

मीही हौसेने एक रेकॉर्डर आणून इमारतीच्या सामाईक डिशला जोडला. पण क्रिकेट लावलं की आईची मालिका रेकॉर्डच होईना!

गंमत अशी, की डिशची वायर सगळं एकदम आणत नाही. बॉक्स वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून वर उभ्या की आडव्या लहरी घ्यायच्या ते ठरतं. एका वायरीवर एका वेळी एकच प्रकार. म्हणून दोन ट्यूनरच्या रेकॉर्डरला दोन वायरी, आणि आमच्या वाट्याला आलेली एकच. या बाबतीत जुनी केबलच दिलदार म्हणायची...

दुसऱ्या वायरीसाठी सोसायटीची परवानगी, मग भिंतीला भोक. महिना गेला. तोवर आई धावड्याला परतली होती.