देवनागरीचं कार्ड

रावेरच्या घरी वडिलांचा डॉसवर चालणारा जुना संगणक मी पुन्हा जुळवला. त्यांचा केळीचा मराठी हिशेब फ्लॉपीत होता. पण पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हं! आतलं जिस्ट कार्ड काढलं, मळलेल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, पुन्हा खाचेत घट्ट बसवलं. वडिलांचे शब्द उमटले.

त्या काळी संगणकाला देवनागरी येत नसे. ती अशी कार्डानं बसवावी लागे. कानपूरच्या आयआयटीत प्रा. सिन्हा, मोहन तांबे आदींनी या तंत्राचा पाया घातला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकनं ते पुढे नेलं. त्याच वर्षीच्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून १९९१च्या युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली. आज मोबाइलवर सहज मराठी लिहितो, त्यामागे ही धडपड आहे.