सिझेरियननंतरची प्रसूती

सिझेरियननंतरची प्रसूती म्हणजे आधीचे बाळंतपण सिझेरियन शस्त्रक्रियेने झालेल्या स्त्रीची पुढील प्रसूती होय. अशा स्त्रीपुढे दोन पर्याय असतात : ठरलेल्या दिवशी पुन्हा सिझेरियन करणे किंवा कळा सुरू झाल्यावर योनीमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करणे. ही निवड मुख्यतः गर्भाशयावरील जुन्या व्रणाचा प्रकार आणि शस्त्रक्रियागृहाचे अंतर यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात अंतराचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

'एकदा सिझेरियन, तर नेहमीच सिझेरियन' हे मत न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये मांडले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा छेद घेत आणि तो पुढील कळांत फाटण्याचा धोका मोठा असे. पुढे खालच्या भागातील आडवा छेद रूढ झाला आणि योनीमार्गे प्रसूतीचा पर्याय अनेक स्त्रियांना खुला झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सिझेरियनचे प्रमाण भारतात २१.५ टक्के, तर महाराष्ट्रात २५.४ टक्के होते.

पर्यायांची तुलना

योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी साधारण ६० ते ८० टक्के स्त्रियांची योनीमार्गे प्रसूती यशस्वी होते. पूर्वी एखादे बाळंतपण योनीमार्गे झाले असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. अशा प्रसूतीनंतर आई लवकर हिंडूफिरू लागते. मात्र आडव्या छेदाचा व्रण कळांत फाटण्याची शक्यता सुमारे २०० मध्ये १ इतकी असते. व्रण फाटल्यास काही मिनिटांतच बाळाच्या जिवाला धोका निर्माण होतो आणि आईला मोठा रक्तस्राव होतो. प्रयत्न फसून ऐनवेळी करावे लागणारे सिझेरियन ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक जोखमीचे असते.

ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये व्रण फाटण्याचा धोका फार कमी असतो. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वार जुन्या व्रणावर रुजून गर्भाशयात खोलवर चिकटण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आणखी मुले हवी असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

आधीचा छेद उभा असल्यास, पूर्वी गर्भाशय फाटले असल्यास किंवा वारेने गर्भाशयाचे मुख झाकले असल्यास योनीमार्गे प्रयत्न केला जात नाही. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असल्यास व्रण फाटण्याचा धोका वाढतो.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाडे सातपुड्याच्या रांगांत विखुरलेले आहेत. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून गरोदर स्त्रीला बांबूच्या झोळीतून रुग्णवाहिकेपर्यंत आणावे लागते, तर नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट रुग्णवाहिकेचा उपयोग होतो. व्रण फाटल्यावर हा प्रवास वेळेत पूर्ण होणे कठीण असते. म्हणून जुना व्रण असलेल्या स्त्रीची प्रसूती घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करणे सुरक्षित नसते. सर्जन, भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असलेल्या रुग्णालयाजवळ शेवटचे दिवस राहता आले, तरच योनीमार्गे प्रसूतीचा पर्याय खऱ्या अर्थाने खुला राहतो.

जिल्ह्यात आढळणारे सिकलसेल व रक्तक्षय हे आजार दोन्ही मार्गांतील जोखीम वाढवतात. त्यामुळे रक्ताची तपासणी व तजवीज आधीच करणे आवश्यक असते. मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत पहिली शस्त्रक्रिया एका ठिकाणी आणि पुढची प्रसूती दुसऱ्या ठिकाणी होऊ शकते. पोटावरील बाहेरच्या खुणेवरून गर्भाशयावरील छेदाची खात्री होत नाही, म्हणून आधीच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवणे महत्त्वाचे असते.

शासकीय सुविधा

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य आहे. राज्याच्या आदिवासी भागात 'माहेरघर' योजनेतून प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहण्याची सोय केली जाते. जुना व्रण असलेल्या स्त्रीला मात्र तेथून पुढे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात वेळीच पाठवावे लागते.