निळूभाऊ आणि आमचा गाव

ह्या वीकेंडला निळू फुल्यांवर.

आमचं चकलांबा बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. गणपतीत भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर यायचा. पडद्यावर निळूभाऊ आले की बायामाणसं बोटं मोडायची, ‘मुडदा बशिवला ह्याचा!’ माझी आजी तर पदर तोंडाला लावून उठूनच जायची. नटाला ह्याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नसावं :)

पण हा माणूस मुळात होता कोण? पाटील नाही, सरपंच नाही, साखरसम्राट तर नाहीच नाही. नीळकंठ कृष्णाजी फुले, जन्म १९३०, पुण्याचे. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. घडले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. म्हणजे लोकनाट्य, आणि तेही प्रचारासाठी. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, समोरचा माणूस हसतोय की जांभया देतोय हे बघत बघत शिकलेला अभिनय. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या वगनाट्याने नाव झालं आणि १९६८ साली अनंत मान्यांनी ‘एक गाव बारा भानगडी’त पडद्यावर आणलं. त्यातला झेलेअण्णा गाजला, आणि मग पुढची चाळीस वर्षं सिनेमे येतच राहिले. यादी देत नाही, कंटाळाल.

मधे १९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम निळूभाऊंनी केला. सेन्सॉरशी कोर्टात भांडून ते नाटक जगवावं लागलं. सिनेमातला ‘व्हिलन’ म्हणून त्यांना मोडीत काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता मुद्द्यावर येतो. ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पुन्हा तेंडुलकर, आणि १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा. समोर डॉ. लागू दारुडे मास्तर, इकडे निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. हिंदुराव ओरडत नाही. गोड बोलतो, पाहुणचार करतो, खांद्यावर हात ठेवतो. भीती वाटते ती त्या हाताची.

हा सिनेमा पुण्यामुंबईच्या माणसाने बघणं वेगळं आणि बीडच्या माणसाने बघणं वेगळं. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. होय, मोजणी माणसांची नाही, हत्याराची! मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती सहा महिने फेडत बसायची. ह्या लोकांनी हिंदुराव फार लांबून पाहिलेला असतो, जीपच्या काचेमागे. निळूभाऊंनी तो जवळून दाखवला, त्याच्या दिवाणखान्यात नेऊन. माझ्या मते आजीचा राग नटावर नव्हताच. चेहरा ओळखीचा निघाला, एवढंच.

गंमत बघा, हाच माणूस १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस होतो. सत्तेच्या आत नाही, बाहेर उभा राहून सगळं बघणारा. तेच डोळे, पण आता त्यांत हताशपणा. हिंदीवाल्यांनी मात्र ‘सारांश’ (१९८४) मधला पुढारी वगैरे मोजक्या गोष्टी सोडल्या तर त्यांना फारसं वापरलंच नाही. त्यांचा तोटा.

पडद्याबाहेर हा माणूस साधा, समाजवादी, चळवळींत चपला झिजवणारा. सामाजिक कृतज्ञता निधी उभारायला डॉ. लागूंसोबत ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. तो पैसा पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी! पडद्यावर ज्यांना लुबाडलं, त्यांच्याच बाजूने काम करणाऱ्यांसाठी.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने गेले. गावी फोन केला तेव्हा आजीला सांगितलं. ती म्हणली, ‘आरं, चांगला होता म्हणत्यात की तो.’ मग थोडं थांबून, ‘पर नदर लई वाईट.’