शिकारीचे आकडे आणि बंदुकीचा चोक

पिंपळगाव बसवंतच्या आग्नेयेस, निफाड तालुक्यातच, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत कालव्यांसाठी तो बांधला गेला आणि त्यामागे साचलेल्या उथळ, गाळयुक्त पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडील बदके उतरू लागली. अशा पाणथळ प्रदेशांचा पूर्वेतिहास लिहिताना शिकाऱ्यांच्या रोजनिशा व नियतकालिकांतील टिपणे हे साधन म्हणून हाती घेतले जाते. ‘एका सकाळी इतके पक्षी’ अशी नोंद दिसली की तीवरून पक्ष्यांची विपुलता अनुमानण्याचा मोह होतो. तथापि ते पक्षी कोणत्या बंदुकीने पडले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

छऱ्याच्या बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते. या आवळणीस चोक म्हणतात. बारा बोअरच्या नळीत पूर्ण चोकाची आवळण अवघी चाळीस सहस्रांश इंच, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास! पण परिणाम पाहा. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ कल्पिले, तर पूर्ण चोकातून सुटलेल्या छऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के त्यात पडतात, अर्ध्या चोकातून ६०, आणि न आवळलेल्या सरळ नळीतून केवळ ४०. इंग्रजी मापाच्या सहा नंबरी छऱ्यांचे एका औंसात सुमारे २७० दाणे भरतात. अर्थात एका वर्तुळात १८९ दाणे, तर दुसऱ्यात १०८. दूरवरून जाणारे बदक दुसऱ्या वर्तुळातून जखमी होऊनही निसटण्याचा संभव अधिक. ते बदक पुढे मरते, पण रोजनिशीत येत नाही.

मात्र अधिक आवळलेली नळी सर्वत्र श्रेष्ठ, असे मुळीच नव्हे. शेताच्या बांधावरून पायाखालून उठणाऱ्या लाव्यांवर वा तित्तरांवर पूर्ण चोक झाडला, तर छऱ्यांचा झुबका इतका अरुंद असतो की नेम चुकतो, किंवा लागलाच तर पक्षी खाण्याजोगा उरत नाही. म्हणूनच दुनळी बंदुकीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली ठेवीत. पहिला बार जवळचा, दुसरा दूर गेलेल्या पक्ष्यावर.

इंग्लंडात पेप याने १८६६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. परंतु तिचा बोलबाला झाला तो ग्रीनरच्या नळ्यांनी १८७५ च्या, लंडनच्या ‘द फील्ड’ पत्राने घेतलेल्या चाचण्या जिंकल्यावर. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जर्नल १८८६ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्यातील आरंभीच्या नोंदींच्या काळी जुन्या सरळ नळ्या आणि नव्या चोकाच्या नळ्या एकाच वेळी वापरात असणार. नांदूरमध्यमेश्वरचे पाणी तर त्यानंतरचे. एका पिढीच्या अवधीत हत्यार बदलले व जलाशयही निर्माण झाला. अशा स्थितीत गोदाकाठच्या शिकारीचे आकडे वाढलेले आढळल्यास ती वाढ पाण्याची, पक्ष्यांची की नळीची, हे वेगळे करावेच लागेल. नोंदीत बंदुकीचा प्रकार व बारांची संख्या असेल तर ते काही अंशी शक्य आहे. नुसत्या मृत पक्ष्यांच्या बेरजेवरून नाही, असे माझे मत आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मर्यादा घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकारही संपली. नांदूरमध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. तेथील अलीकडचे आकडे दुर्बिणीतून मोजलेल्या जिवंत पक्ष्यांचे आहेत. शिकाऱ्यांच्या आकड्यांपुढे ते एकाच आलेखात जोडण्याची प्रथा, सोयीची असली तरी, ग्राह्य धरता येत नाही.